बाबांच्या स्वेटरची उलट बाजू

२ नोव्हेंबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. फोन केला की आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला तू फोन ठेवून देतेस, म्हणून लिहितेय. पत्रही तू मध्येच ठेवून देशील, पण ते मला दिसणार नाही एवढं तरी बरं.

बाबांचं सांगायचंय. ते स्वेटर काढत नाहीत. तोच, विटकरी-पांढरा, चांदण्याचांदण्यांचा, आईनं विणलेला. आई गेल्यावर त्यांनी तो ट्रंकेच्या तळातून शोधून काढला तेव्हा मला भरून आलं होतं. आता नुसतं ढवळून येतं. आत बनियन घालू देत नाहीत, थेट उघड्या अंगावर घालतात. कित्येक आठवडे तो धुतलेला नाही. त्यातलं पांढरं आता कपात राहून गेलेल्या चहाच्या रंगाचं झालंय. छातीवर अंड्याचा बलक वाळून कडक झालाय, बाह्यांना नाक पुसलंय, आणि खालच्या काठाला काय आहे ते मी लिहीत नाही, तुझं तू समज.

तुला ठाऊक आहे, मी लाँड्रीत डाग काढायच्या टेबलावर बसते. लोकांच्या कॉलरीचा मळ, काखांचा पिवळेपणा, आजाऱ्यांच्या चादरी, सगळं माझ्या हाताखालून जातं आणि त्याच टेबलाशी मी डबा उघडून जेवते. मला घाणीचं कौतुक नको सांगूस. पण घरी आले की दारातच माझा हात नाकावर जातो.

काढायला गेलं की ओरडतात. नर्सबाई मलमपट्टीला येतात, त्यांच्या मनगटाला परवा चावले. मला म्हणतात, "ओ बाई, हात लावायचं काम नाही." बाई! पन्नाशी उलटली तरी सगळं घर मला बारकी म्हणतं, आणि ज्यांनी ते नाव पाडलं त्यांच्या लेखी मी कामाला ठेवलेली बाई. पाठीवर काहीतरी चिघळलंय असं नर्सबाई वासावरूनच सांगतात. स्वेटर उतरल्याशिवाय त्यांना काही करता येत नाही.

खरं म्हणजे एका वाक्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. मला बाबांची किळस येते. झालं, लिहिलं. वृद्धाश्रमात त्यांचं नाव घातलंय. खाट रिकामी झाली की कळवतील. नंतर मला विचारलं नाहीस म्हणून बोंब मारू नकोस.

बारकी

९ नोव्हेंबर

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. आश्रमाचं एवढ्यात नको. ते परक्या माणसांत हिवाळासुद्धा काढायचे नाहीत.

मला एक सुचतंय. अगदी तसाच दुसरा स्वेटर विण. दोन्ही सारखेच दिसले की त्यांचा हट्ट मोडेल, आणि जुना आपसूक धुवायला मिळेल. लोकर वेगळ्या पार्सलनं पाठवलीय, रंग पुष्कळ जवळचे मिळाले. मीच विणला असता, पण दुकानात थंडीचा हंगाम आहे, लोकरीच्या गिऱ्हाइकांनी डोक्यावर मिरे वाटलेत. शिवाय माप तुझ्या डोळ्यांसमोर आहे.

साधं सुलट-उलट तुला येतं. दोन रंगांचं काम त्याहून फार अवघड नाही. एकाच ओळीत दोन्ही धागे चालतात. ज्या रंगाचे टाके येतायत तो पुढे, दुसरा मागून नुसता सोबतीनं जातो आणि त्याची पाळी आली की पुढे येतो. मागचा धागा ढिला सोडायचा. ओढलास की कापड आवळतं, ताणलं जात नाही. आणि रंग बदलला की गाठ मारायची नाही. मारावीशी वाटेल, धागा निसटेल अशी भीती वाटेल. तरी मारू नकोस. गाठी अंगाला लागतात.

ताई

२१ नोव्हेंबर

ताई,

तुझ्या लोकरीला ओल्या मेंढीचा वास येतो. आधीच घरात एक वास होता, आता दोन झाले.

तुझं पत्र समोर ठेवून बसले. डाव्या बोटावर विटकरी, उजव्यावर पांढरा. चार टाके झाले की दोन्ही गुंडे एकमेकांच्या गळ्यात. सोडवा. पुन्हा चार टाके. हातांना घाम, घामाला लोकरीची लव चिकटलेली, तीच लव ओठांवर, तीच चहात. मला तर शिसारीच आली. पुढून चांदणी म्हणावी असं काहीतरी दिसतं, चांदणीला मार बसला असेल तर. उलटं करून पाहिलं तर मांजरानं ओकल्यासारखा गुंता. हे इतकं गलिच्छ काम बायका हौसेनं करतात? आणि तू ते शिकवून पोट भरतेस?

धागा ढिला सोड म्हणतेस. कसा सोडू? मागे काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून हात आपोआप ओढतो. वीतभर झालं आणि सगळं चुण्यांनी आखडून बसलं. आमच्या यांनी हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "पिशवी मजबूत आहे. बंद कुठं घालणार?" मी त्या रात्री त्यांच्याशी बोलले नाही आणि सगळं उसवून टाकलं.

इकडे बाबा समोर खुर्चीत. एक हात सतत स्वेटरच्या आत, काठाखालून घातलेला. काय खाजवतात की काय करतात देव जाणे. मी त्या हाताकडे बघत नाही.

एक विचारते, सरळ उत्तर दे. तू का येत नाहीस? तिथं बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुला बरं जमतं. आई गेली तेव्हा दोन दिवस आलीस, त्यानंतर तुझं तोंड पाहिलेलं नाही. एक दिवस ये. फक्त एक आंघोळ घालून बघ.

बारकी

२९ नोव्हेंबर

प्रिय बारके,

माझा गुडघा धरलाय, लांबचा प्रवास डॉक्टर नको म्हणतात.

चुण्यांवर उपाय सांगते. रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरून घे, अगदी ताणून, आणि मग नवा रंग घे. म्हणजे मागच्या धाग्याला हवी तेवढी लांबी मिळते. पहिल्यांदा सगळ्यांचाच आवळतो. भित्र्या हाताचं ते लक्षण आहे, आळशी हाताचं नव्हे. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

गोल सुईवर विणतेस ना? मग उलट बाजू नेहमी आतच राहील, ती बघत बसू नकोस.

आणि डाव्या बाहीवर कोपराच्या वर एका चांदणीला पाकळी कमी आहे. ती तशीच ठेव, दुरुस्त करायला जाऊ नकोस. हुबेहूब व्हायला हवा.

आश्रमाला अजून होकार दिला नसशील असं धरून चालते.

ताई

१४ डिसेंबर

ताई,

आधी कामाचं. आश्रमाचं बोलावणं आलं. खाट रिकामी झालीय. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाले.

आता दुसरं. परवा दुपारी बाबा खुर्चीत गाढ झोपले होते, तोंड उघडं, लाळ हनुवटीपर्यंत. नमुना नीट कळेना म्हणून मी श्वास रोखून स्वेटरचा काठ उलटा केला. लाँड्रीतले रबरी हातमोजे घालून, तुला सांगायला लाज नाही. वास असा अंगावर आला की डोळ्यांत पाणी. तरी पाहिलं.

आत सगळ्या गाठी आहेत. प्रत्येक ठिकाणी, जिथे जिथे रंग बदललाय तिथे, एक बारीक घट्ट गाठ आणि कापलेलं टोक. ओळीच्या ओळी. कातडीला दाण्यांसारख्या टोचत असणार. छातीपर्यंत गाठीच गाठी, आणि तिथून पुढे खांद्याकडे एकही नाही, धागे मागून मोकळे गेलेत. ज्यानं तो विणला तो विणता विणताच शिकला, ताई. आई असं करील? आई डोळे मिटून विणायची, अर्ध्या गल्लीची पोरं तिच्या स्वेटरांत वाढली. तिची उलट बाजू सुलटीइतकी स्वच्छ असायची.

आणि डाव्या बाहीवरच्या पाकळीचं तुला कसं माहीत? मी आज सकाळी बाही बघितली. ती खरंच कमी आहे. वळी पडतात तिथं, मला इतक्या वर्षांत दिसली नव्हती.

बाबांचा हात आत असतो ना, तो खाजवत नसतो. ते गाठी चाचपतात. एकीवरून दुसरीवर. झोपेतसुद्धा बोटं चालू होती.

कुणी विणलाय तो?

बारकी

२० डिसेंबर

बारके,

मी विणला.

सतराव्या वर्षी. तू तेव्हा सहा-सात वर्षांची होतीस, तुला आठवायचं नाही. आईला एकाच रंगाचं येई, दोन रंगांचं मी एका मासिकातलं चित्र बघून करत होते, सांगणारं कुणी नव्हतं. प्रत्येक रंगाला गाठ मारत गेले. छातीपर्यंत आल्यावर कळलं की गाठीची गरजच नाही. तोवर उसवायचा धीर नव्हता. तो माझा पहिला.

बाबांच्या ऑफिसातली मंडळी घरी चहाला आली होती, त्यांच्यासमोरच मी तो आणून दिला. मला वाटलं चारचौघांत कौतुक होईल. बाबांनी तो दोन बोटांनी उचलला, पाठपोट बघितला आणि म्हणाले, "हा घालून मी बाहेर उभा राहिलो तर लोक समोर चिल्लर टाकतील." सगळे हसले. चांगलं हसू आलं सगळ्यांना. आईनं तो उचलून ट्रंकेत ठेवला.

एका स्वेटरवरून बापाशी कोण तोडतं, असं तू म्हणशील. मी त्यावरून तोडलं नाही. पण पुढे माझी नोकरी, माझा नवरा, माझं घर, सगळ्याला त्यांनी तशीच दोन बोटं लावली, आणि दर वेळी मला ती चहाची खोली दिसायची. आई होती तोवर येत होते. ती गेल्यावर कुणासाठी यायचं?

तू लिहीपर्यंत मला माहीत नव्हतं ते तो घालतात म्हणून. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी दुकानात होते. मागच्या खोलीत लोकरीच्या पोत्यांवर जाऊन बसले. तो परत विणणं मला शक्य नव्हतं, म्हणून तुझ्या गळ्यात मारला. गुडघ्याला काहीही झालेलं नाही.

ताई

३० डिसेंबर

ताई,

तुझं पत्र वाचून मला गहिवरून आलं असं तुला वाटत असेल. नाही आलं. मला किळस आली, आणि या खेपेला फक्त बाबांची नाही.

त्यांचं मी गेली चार वर्षं पुसते. कुशीवर वळवते, नखं कापते, दाताची कवळी घासते, चादर बदलते आणि तासाभरानं पुन्हा बदलते. आणि ते कवटाळून बसलेत कुणाला, तर तुला. जी येत नाही तिला. मी "ओ बाई". तू छातीशी. वा! आणि हे सगळं माहीत असून तू मला टाके पसरून घ्यायला सांगत होतीस.

स्वेटर पुरा झाला होता. मागच्या आठवड्यात. दुपारचं जेवण सोडून लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून पुरा केला, हट्टाला पेटून. हुबेहूब नव्हता, पण लांबून बघितला तर जुळा भाऊ म्हणता आला असता. बाबांना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि, मी काही म्हणायच्या आत, जुन्याच्या वरून डोक्यात घातला.

गळ्याशी अडकला. तू म्हणाली होतीस ना, मागचे धागे ओढले की ताणत नाही. नाहीच ताणला. आत डोकं, बाहेर दोन हात वर, आणि आतून ओरडणं. खाली खेचला तर कान अडकले, वर खेचला तर नाक. श्वास कोंडला त्यांचा, ओरडणं घरघरीत गेलं. आमचे हे नुसते गोल फिरत होते. मी लाँड्रीची मोठी कात्री घेतली आणि गळ्यापासून काठापर्यंत सरळ कापला. मागचे सगळे धागे कटाकट तुटले आणि तो त्यांच्या अंगावरून चिंध्यांसारखा गळून पडला. आत ते, निळे-लाल, तोंडभर लोकर. आणि त्याच्या आत तुझा स्वेटर, आहे तसा.

ते मला घाबरले, ताई. भिंतीला टेकून, हात डोक्यावर घेऊन बसले. कात्री माझ्या हातात तशीच होती.

आता लोकर पाठवू नकोस. सल्ला पाठवू नकोस. आश्रमाच्या हातापाया पडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतलीय. तू ये. आली नाहीस तर त्यांना मी पोचवून येणार, आणि त्यानंतर आपण दोघी एकमेकींच्या कुणी नाही.

बारकी

३ जानेवारी

बारके,

रविवारी पोचते. तू त्याच दिवशी निघ आणि माझ्या घरी जाऊन रहा. किल्ली समोरच्या बिऱ्हाडात ठेवलीय. तुझे हे, आपले जावई, तिथेच असतील तर मला बाबांना उचलायला मदत होईल, त्यांना सांग. मी आल्यावर दारात काही बोलू नकोस, नाहीतर मला परत फिरायला निमित्त मिळेल.

ताई

१३ जानेवारी

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तू लिहिलं होतंस त्यापेक्षा वास वाईट आहे. मला वाटत होतं तू वाढवून सांगतेस, तुझा स्वभावच तो. तू कमी करून सांगत होतीस.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या खोलीत पाच मिनिटंसुद्धा थांबू शकले नाही. जावयांनी माझ्या हातात रुमाल दिला. त्यांना सवय असावी, तुझ्यामुळे. दुसऱ्या दिवशी नाकाला रुमाल बांधून गेले. बाबांनी मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं, तुमची मोठी म्हणाले, ट्रंक म्हणाले, चहाची गोष्टसुद्धा सांगून बघितली. सगळं सांगितलं, चिल्लरीपर्यंत. ते शांतपणे ऐकत होते आणि शेवटी म्हणाले, "कोण माणूस हो तो? मूर्खच दिसतोय." ज्या वाक्यापायी मी इतकी वर्षं या घराची पायरी चढले नाही, ते त्यांच्या डोक्यात कुठेच नाही, बारके. मी एकटीच ते सांभाळत बसले होते. मला माझीच शिसारी आली.

मग मी स्वेटरला हात लावला. तुझ्यासारखाच मलाही ओरडा बसला. "हात लावू नका. माझ्या मुलीनं विणलाय."

माझा हात तिथेच राहिला. मी म्हटलं, "कुठल्या मुलीनं?"

"बारकीनं," ते म्हणाले. "माझ्या बारकीनं. दुसऱ्या कुणाला येतंय एवढं?"

हे तुला खूश करायला लिहीत नाही. मला ते लिहिताना काय होतंय ते माझं मला माहीत. डोळे फोडून मी विणला, बोलणी मी खाल्ली, आणि नाव तुझं. मी तिथल्या तिथे भांडणार होते. तोंड उघडलंसुद्धा. पण त्यांचा चेहरा इतका फुलला होता की माझ्या तोंडून निघालं, "हो, सुरेख विणलाय हो बारकीनं."

"आतून बघा," ते म्हणाले. "आतून बघायचं असतं." आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. मला दाखवायला, बारके. कुणी जबरदस्ती केली नाही. मी काठ धरला आणि स्वेटर निघाला. उलटा करून त्यांच्या मांडीवर पसरला. ते एकेक गाठ मला दाखवत बसले, ही बघा, ही बघा, आणि जावयांनी मागून हळूच टब आणला.

पाठीवर काय होतं ते मी लिहीत नाही. गाठींनी घासून घासून झालेल्या जखमा, आणि त्यांत काय काय. मी बाथरूममध्ये जाऊन ओकले, तोंड धुतलं, परत आले, आणि आंघोळ घातली. अर्ध्यात पुन्हा ओकले. जखमा धुतल्या. नर्सबाई आल्या, त्यांनी मलम लावून पट्टी बांधली. म्हणाल्या, अजून आठवडा उशीर झाला असता तर हॉस्पिटलच. स्वेटर आता बादलीत आहे. तिसरं पाणी बदललं तरी काळंच निघतंय. वाळला की उशाशी देणार, अंगात नाही. अंगात त्यांना मी एक साधा मऊ शर्ट घातलाय. तो त्यांनी निमूट घालून घेतला, कारण मी सांगितलं की बारकीनं पाठवलाय.

आश्रमाचा फोन आला होता. मी म्हटलं, घरची मालकीण बाहेरगावी आहे, तिला विचारून कळवते. तू पाठव म्हणालीस तर मी स्वतः त्यांना पोचवीन आणि तुझ्याकडे वाकड्या नजरेनं बघणार नाही. नको म्हणालीस तर महिन्यातले अर्धे दिवस माझे. दुकानात तसं सांगून आलेय.

परत यायची घाई करू नकोस. माझ्या घरी गरम पाणी भरपूर आहे, झोप, आंघोळी कर, काहीही विणू नकोस. मला हे एकदा धुतल्यावर कळलं. तू चार वर्षं रोज एकटी हे करत होतीस, आणि मी तुला टाके शिकवत होते.

ताई